एका वेलीवर एकच फळ

महाभोपळा पिकविणाऱ्यांचा एक नियम सर्वत्र सारखा आहे: एका वेलीवर एकच फळ ठेवावयाचे. वेल कितीही फळे धरो, त्यांतील एक निवडावयाचे आणि बाकीची, लिंबाएवढी किंवा फार तर चेंडूएवढी असतानाच, देठापाशी कापून टाकावयाची. वेलीच्या मुळांनी शोषलेले पाणी आणि पानांनी तयार केलेली साखर एकाच ठिकाणी जावी, एवढाच त्यातला हेतू. बागकाम म्हणून पाहिले तर यात वावगे काही नाही. परंतु हा भोपळा पुष्कळदा घराच्या परसात, मुलांना हाताशी घेऊन वाढविला जातो. आणि मुलाच्या हाती सुरी देण्याची वेळ आली म्हणजे जो प्रश्न उभा राहतो तो बागेपुरता राहत नाही. त्या प्रश्नाविषयी या लेखात लिहावयाचे आहे.

आपल्या भाषेत भोपळ्यास फारसा मान नाही. परीक्षेत काही मिळाले नाही की भोपळा मिळाला असे आपण म्हणतो, आणि दोघांचे पटत नसले की विळ्या-भोपळ्याचे सख्य म्हणतो. मान आहे तो एका बालकथेत, लेकीकडून परतणाऱ्या म्हातारीला वाघ-कोल्ह्यांच्या रानातून सुखरूप घरी आणणाऱ्या भोपळ्यास. माणूस आत बसू शकेल असा भोपळा खरोखरच पिकविण्याचा छंद मात्र उत्तर अमेरिकेत आणि युरोपात रुजला. ‘कुकुर्बिटा मॅक्सिमा’ हे या जातीचे शास्त्रीय नाव असून ती मूळची दक्षिण अमेरिकेतील आहे. कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांतात गॉडरिच नावाचे गाव आहे. तेथील विल्यम वॉरनॉक यांनी १९०० साली पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात सुमारे १८१ किलोचा आणि १९०४ साली सेंट लुईसच्या प्रदर्शनात सुमारे १८३ किलोचा भोपळा मांडला. हा दुसरा उच्चांक १९७६ पर्यंत कोणासही मोडता आला नाही. पुढे नोव्हा स्कोशिया प्रांतातील विंडसरचे शेतकरी हॉवर्ड डिल यांनी वर्षानुवर्षे संकर करून ‘अटलांटिक जायंट’ हे वाण सिद्ध केले. १९७९ पासून लागोपाठ चार वर्षे ते जागतिक विजेते ठरले. २००८ मध्ये त्यांचे निधन झाले. आज स्पर्धेत उतरणारे भोपळे बहुतेक सारे त्यांच्याच वाणाच्या वंशातले. २०१४ मध्ये स्वित्झर्लंडच्या बेनी मायर यांचा भोपळा १०५४ किलो भरला आणि टनाची मर्यादा ओलांडली गेली. २०२५ च्या ऑक्टोबरात इंग्लंडमधील इयान आणि स्टुअर्ट पेटन या जुळ्या भावांचा भोपळा १२७८ किलोंवर गेला. हे दोघे शाळकरी वयापासून भोपळे लावीत आले आहेत. आपल्या गोष्टीतील म्हातारीचे म्हणाल, तर विंडसरच्या माणसांनी १९९९ मध्ये असे भोपळे पोखरून, त्यांत बसून, वल्ही मारीत तेथील तळे ओलांडण्याची शर्यत सुरू केली. म्हातारीला एवढे कष्ट पडले नव्हते.

माझी एक पुतणी ऑन्टॅरिओ प्रांतातच राहते. अकरा वर्षांचा मुलगा आणि आठ वर्षांची मुलगी यांना घेऊन तिने परसात ही वेल लावली, आणि त्या उन्हाळ्याची सारी हकीकत मला फोनवरून आठवड्यागणिक कळत गेली. तेथे मे महिन्याच्या अखेरीपर्यंत हिमाचे भय असते, म्हणून एप्रिलमध्ये बी घरातच कुंडीत रुजवावे लागते. बियांची साल जाड. मुलांनी तिच्या कडा पॉलिश कागदाने घासल्या आणि बी कोमट पाण्यात भिजत घातले. रोप बाहेर लावल्यावर वेल जसजशी पसरत जाते तसतशी तिची पेरे मातीने झाकावयाची, म्हणजे प्रत्येक पेरापाशी नवी मुळे फुटतात. जुलैच्या आरंभी मादी फुले येतात. फुलाखाली गोटीएवढा भोपळा आधीपासूनच असतो. फूल पहाटे उमलते आणि दुपारपर्यंत मिटते, म्हणून परागीकरण सकाळीच उरकावे लागते. हे काम मुलीकडे होते. नर फूल खुडून त्याच्या पाकळ्या काढावयाच्या आणि आतील परागाची दांडी मादी फुलाच्या मध्यभागी हळुवार फिरवावयाची. तिने पाच फुलांना असे केले आणि पाचही धरली.

मग आठ-दहा दिवसांनी एक फळ निवडण्याची वेळ आली. मुख्य वेलीवरचे, मुळापासून सुमारे तीन मीटरवर असलेले, देठाचा कोन चांगला असलेले फळ ठेवावयाचे ठरले. उरलेली चार कापावयाची होती. मुलीने त्या चारांकडे पाहून विचारले, “यांनी काय केलं?”

घरात तिला तीन उत्तरे मिळाली. वडील म्हणाले, अगं, ती भाजी आहे. आई म्हणाली, वेल स्वतःसुद्धा जास्तीची फळे गाळून टाकते. भाऊ म्हणाला, नाही कापली तर आपला भोपळा मोठा होणार नाही.

माझ्या मते या तिन्हींत प्रामाणिक उत्तर भावाचे होते. वडिलांचे उत्तर खरे आहे. भोपळ्यास वेदना नाहीत, इच्छा नाही, आणि त्याचा आपल्यावर हक्कही नाही. परंतु मुलीचा प्रश्न भोपळ्याच्या वेदनेविषयी नव्हताच. आईचे उत्तरही खरे आहे. वेल आपल्या ताकदीबाहेरची कोवळी फळे पिवळी पाडून गाळते. पण वेल गाळते ती तिच्या गरजेपुरती, आणि आम्ही कापतो ते आमच्या हौसेसाठी. निसर्गही असेच करतो हे समर्थन माणसाने पूर्वी कोणकोणत्या गोष्टींसाठी वापरले आहे हे आठवले, म्हणजे ते मुलांच्या हाती देताना हात थोडा थांबावा. भाऊ मात्र काय घडत आहे ते जसेच्या तसे बोलला.

२०१५ मध्ये प्रसिद्ध झालेले एक संशोधन येथे आठवते. साध्या भोपळ्यांशी महाभोपळ्यांची तुलना करून संशोधकांनी पाहिले की, साखरेचा रस वाहून नेणाऱ्या नळ्यांची घडण दोहोंत सारखीच आहे. फरक आहे तो त्यांच्या प्रमाणात: पानांच्या आणि फळाच्या देठांत महाभोपळ्याजवळ या ऊती कितीतरी अधिक असतात. शंभर वर्षांच्या निवडीतून माणसाने फळापर्यंतचा रस्ता रुंद करीत नेला. ऐन भरात स्पर्धेतला भोपळा एका दिवसात पंधरा-वीस किलोंनीही वाढतो. तो स्वतःच्याच भाराने खाली चपटा होत जातो, आणि वाढीचा वेग सोसला नाही तर तडकतो. तडकलेला भोपळा स्पर्धेतून बाद होतो. चवीचे काय, असे कोणी विचारील. मोठ्या भोपळ्यास चव जवळजवळ नसते. पाणी फार, गर राठ. तराजूवरून उतरल्यावर त्याचे बी जपून ठेवतात, आणि तो स्वतः कोरीव कामासाठी, गुराढोरांपुढे किंवा खताच्या खड्ड्यात जातो.

भाषांतराच्या कामामुळे योहानाच्या शुभवर्तमानातील द्राक्षवेलीचा अध्याय माझ्या हाताखालून अनेकदा गेला आहे. तेथे मूळ ग्रीकमध्ये दोन क्रियापदांचा नाद जुळतो: फळ न देणाऱ्या फाट्यासाठी ‘आयरेइ’, म्हणजे काढून टाकतो, आणि फळ देणाऱ्या फाट्यासाठी ‘काथायरेइ’, म्हणजे स्वच्छ करतो. हा नाद दुसऱ्या भाषेत आणता येत नाही. मी प्रयत्न करून सोडून दिला. पण अर्थ सहज येतो. तेथील माळी कापतो ते निष्फळ फाटे, आणि फळ देणाऱ्याला छाटतो ते त्याने अधिक फळ द्यावे म्हणून. महाभोपळ्याचा माळी नेमकी फळेच कापतो, आणि अधिक फळासाठी नव्हे तर अधिक मोठ्या फळासाठी. नाशिककडील द्राक्षबागांतही घडातील मणी विरळ करतात, हे खरे. तेथे मात्र उरलेला प्रत्येक मणी कोणाच्या तरी मुखी लागावा, अशी धडपड असते. पुष्कळ फळ आणि मोठे फळ या दोहोंना आपण एकच आशीर्वाद समजू लागलो आहोत की काय, असे मंडळ्यांच्या वार्षिक अहवालांवरून कधी कधी वाटते. पण तो वेगळा विषय.

येथे गैरसमज नसावा. परसात महाभोपळा वाढविणे हे पाप आहे असे मी म्हणत नाही. मुलाने रोज सायंकाळी फीत घेऊन जावे, कालच्यापेक्षा आज घेर चार बोटे वाढलेला पाहून ओरडत घरात यावे, यात जे आश्चर्य आहे ते त्याच्या वाट्याला आलेच पाहिजे. आपण पेरले, आपण पाणी घातले, आणि तरीही रात्री आपण निजलेले असता हे जे वाढते ते आपण वाढविलेले नाही, हे कळावयास असा भोपळा फार चांगला. त्या वर्षीचे त्यांचे फळ १४० किलो भरले. आमच्या घराण्यात इतक्या वजनाचे कोणी झाले नाही. कापलेल्या चार फळांची पुतणीने भाजी केली. कोवळी म्हणून ती चविष्ट झाली, आणि मुलीने कुरकुर न करता खाल्ली. तिचा प्रश्न मात्र तिने मागे घेतला नाही.

तो मागे घेण्यास तिला लावू नये, असे मला वाटते. कारण अशाच एका वेलीपाशी पवित्र शास्त्रात एक पुस्तक संपते.

योनाच्या पुस्तकातील त्या झाडाचे नाव इब्रीत ‘कीकायोन’ असे आहे, आणि ते नक्की कोणते यावर भाषांतरकारांचा वाद फार जुना आहे. सेप्टुआजिंटच्या ग्रीक भाषांतरकारांनी भोपळावर्गीय वेल असा शब्द घातला. अमेरिका खंड तेव्हा ठाऊक नसल्याने तो आपला तांबडा भोपळा नव्हे, हे उघड आहे. लॅटिनमध्येही तोच अर्थ रूढ होता. यरोमाने तो बदलून तेथे ‘आयव्ही’ या वेलीचे नाव घातले. ऑगस्टिनाने इ. स. ४०३ च्या सुमारास त्यास पत्र लिहून कळविले की, उत्तर आफ्रिकेतील ओएया या नगरात, म्हणजे आजच्या त्रिपोलीत, बिशपांनी हे नवे भाषांतर उपासनेत वाचताच मंडळीत मोठा गोंधळ उडाला आणि मंडळी हातची जाते की काय अशी वेळ आली. एका भाजीच्या नावावरून! भाषांतरकारास या हकीकतीने हसू येते, आणि थोडी भीतीही वाटते. यरोमानेच त्या झाडाचे जे वर्णन केले आहे, रुंद पानांचे, झपाट्याने वाढणारे, आधाराविना उभे राहणारे, त्यावरून आज अनेक अभ्यासकांचा कल एरंडाकडे आहे.

पण झाड कोणतेही असो, देव त्याचा उपयोग कसा करतो ते पाहावे. झाड एका रात्रीत वाढते, किडा लागून सुकते, आणि योना संतापतो. झाडास काय एवढे, असे देव त्यास म्हणत नाही. ज्यासाठी तू कष्ट केले नाहीस, जे तू वाढविले नाहीस, त्या झाडाविषयी तुला हळहळ वाटली. मग ज्या मोठ्या नगरात एक लाख वीस हजारांहून अधिक जीव उजवे-डावे न जाणणारे आहेत, आणि पुष्कळ गुरेढोरेही आहेत, त्याविषयी मला वाटू नये काय, असा तो युक्तिवाद आहे. उजवे-डावे न जाणणारे म्हणजे लहान मुले, असा अर्थ कित्येक टीकाकारांनी घेतला आहे. योनाची हळहळ स्वार्थी होती. सावली गेली म्हणून तो रडत होता. तरीही देवाने ती झिडकारली नाही. त्या तेवढ्याशा कळवळ्यावर पाय देऊनच योनाने निनवेपर्यंत चढावे, अशी त्याची अपेक्षा दिसते. मग ज्या मुलीने स्वतःच्या बोटांनी परागीकरण केले, तिच्या कळवळ्यास आपण ‘ती भाजी आहे’ म्हणून वाटेला लावावे काय?

मला ही गोष्ट इतकी लागावी याचे कारण आमच्या घरात आहे. माझी आत्या एका मिशन रुग्णालयात परिचारिका होती. भावंडांत ती थोरली. शाळेत गणितात ती नेहमी पहिली येई आणि पुढे कॉलेजात जाण्याची तिची इच्छा होती. मॅट्रिकनंतर तिला परिचर्येच्या शिक्षणास घातले, कारण तेथे शिकता शिकता विद्यावेतन मिळे. पुढे तीस वर्षे दर महिन्याला तिची मनीऑर्डर घरी आली. तिचे तिघे भाऊ शिकले, शिक्षक झाले; त्यांतील धाकटे माझे वडील. ते शिकले म्हणून मी शिकलो, आणि ईशज्ञानाची पदवी घेऊन आज हा लेख लिहीत आहे. आत्याने लग्न केले नाही. इंदूर असो, बेळगाव असो, हैदराबाद असो, मराठी ख्रिस्ती कुटुंबांत अशी एखादी आत्या किंवा मावशी बहुतेकांना आठवेल. आपल्या समाजाची पहिली सुशिक्षित पिढी पुष्कळशी त्यांच्या पगारावर उभी राहिली.

तिच्या दफनविधीच्या वेळी पाळकसाहेब तिच्या त्यागाविषयी फार सुंदर बोलले. मी ऐकत होतो आणि सवयीने वाक्याचे व्याकरण पाहत होतो. ‘तिने त्याग केला’ या वाक्यात कर्ता ती आहे. ‘तिचे शिक्षण थांबले’ हे वाक्य आमच्या घरात त्याहून अधिक वेळा बोलले गेले होते, आणि त्यात कर्ताच नाही. ज्या भाषांत कर्मणी प्रयोग नाही त्यांत भाषांतर करताना आम्हांला फार अडचण येते. अमुक केले गेले, असे तेथे म्हणता येत नाही. कोणी केले ते सांगावेच लागते, आणि मूळ संहितेत नसले तर संदर्भातून शोधून काढावे लागते. मराठीत ती सक्ती नाही. शिक्षण थांबते, वय निघून जाते, लग्न राहून जाते.

भूमीत पडून मरणाऱ्या गव्हाच्या दाण्याविषयी प्रभू बोलला तेव्हा तो स्वतःविषयी बोलत होता, आणि आपला प्राण आपण होऊन देतो हेही त्याने त्याच शुभवर्तमानात सांगितले आहे. दाणा पडला, त्यास कोणी कापून टाकले नाही. आपण मात्र हा उपदेश बहुधा त्यांनाच करतो ज्यांच्यावर सुरी आधीच चालली आहे, आणि मग त्यास त्याग हे नाव देतो. बळी देणे आणि त्याग करणे या दोन क्रिया बाहेरून हुबेहूब सारख्या दिसतात. आजही एका मुलाच्या खाजगी महाविद्यालयाच्या शुल्कासाठी दुसऱ्या मुलीचे शिक्षण आवरते घेतले जाते. पुष्कळदा पैसा खरोखरच एकापुरताच असतो, हे मी जाणतो. माझ्या आजीआजोबांकडे तर तेवढाही नव्हता, आणि त्यांना दोष देण्याचा अधिकार त्यांच्या निर्णयावर वाढलेल्या मला नाही.

आत्या निवृत्त झाल्यावर एकदा मी तिला याविषयी विचारले होते. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, “मला विचारलं असतं ना, तरी मी हेच केलं असतं रे. पण विचारलं नाही कोणी.” मग तिने ताट फिरवून पुन्हा निवडावयास घेतले.

पुतणीने मला फोनवर विचारले होते, “काका, मग तिला सांगू तरी काय?” मी तिला म्हणालो, तिने जे विचारले त्याचेच उत्तर दे. त्या चार फळांनी काही केले नव्हते. आपल्याला मोठा भोपळा हवा होता, म्हणून आपण ती कापली. ‘आपण’ हा शब्द तेवढा गाळू नकोस. आणि भोपळ्याच्या बाबतीत आपल्याला असे करता येते, तुझ्या किंवा दादाच्या बाबतीत आम्ही ते करणार नाही, आणि कधी पैशाअभावी एकालाच काही देण्याची वेळ आली तर ती गोष्ट तुम्हां दोघांना बसवून, विचारून ठरवू, हेही तिला आताच सांग. आठ वर्षांच्या मुलीस हे समजते. ती तर आधीपासूनच त्याविषयी बोलत होती, असा मला दाट संशय आहे.

या वर्षी त्यांनी परसात दोन वेली लावल्या आहेत. मधल्या वाफ्यातील भावाची, आणि कुंपणाच्या कडेची तिची. तिच्या वेलीला सुरी लावावयाची नाही, असे घरात ठरले आहे. त्या वेलीवर मोठे काही येणार नाही, असे भाऊ तिला रोज सांगतो, आणि ते खरे आहे.